धारानगरीचा राजा भोज : शब्द आणि प्रयोग

मराठी माणसाच्या बोलण्यात राजा भोज येतो तो बहुधा गंगू तेल्याच्या सोबतीने. वैभवाचे माप म्हणून हे नाव म्हणीत रुजले आणि म्हणीपुरतेच उरले. दक्षिण महाराष्ट्रातील वाचकाला भोज म्हटले की पन्हाळा आठवतो. परंतु पन्हाळ्याचा भोज हा बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात राज्यावर आलेला शिलाहार वंशातील राजा होय. माळव्याचा परमार भोज त्याच्या शंभराहून अधिक वर्षे आधीचा. अकराव्या शतकाच्या पूर्वार्धात धारानगरीवर त्याने राज्य केले, अनेक लढाया जिंकल्या, काही हरला, आणि या सर्व धामधुमीत काव्य, नाट्य, व्याकरण, योग, ज्योतिष व वास्तुशास्त्र या विषयांवर ग्रंथरचना केली. नाटकात कवीचा शब्द श्रेष्ठ की नटाचा अभिनय श्रेष्ठ, या प्रश्नावर त्याने दिलेला निर्णय हा त्याच्या विचारातील एक विलक्षण भाग आहे. त्या निर्णयाची कसोटी पुढे त्याच्याच नगरीत, त्याच्याच ग्रंथांवर लागली.

माळव्याच्या पठारावरील धार हे आज मध्य प्रदेशातील जिल्ह्याचे ठिकाण आहे. धारच्या पश्चिमेस अमझेऱ्याच्या वाटेवर तिरला हे गाव लागते. मराठ्यांच्या इतिहासात या टापूला महत्त्व आहे. १७२८ च्या नोव्हेंबरात चिमाजी अप्पांच्या फौजांनी अमझेऱ्याच्या रणात माळव्याचा मोगल सुभेदार गिरधर बहादूर याचा पराभव केला. त्याचा नातलग दया बहादूर याच्या अंताशी जुनी परंपरा तिरल्याचे नाव जोडते. या विजयांनंतर माळव्यात मराठी सत्ता स्थिरावली, धार आणि देवास येथे पवारांची संस्थाने उभी राहिली, आणि नर्मदेच्या उत्तरेस मराठी घरे, मराठी शाळा व मराठी ग्रंथ नांदू लागले. धारचे पवार आपला वंश परमारांशी जोडत. त्यामुळे भोजाची स्मृती ही माळव्यातील मराठी मंडळींना परक्या राजाची स्मृती कधी वाटली नाही.

भोजाचा जन्म विद्येचा व्यासंग असलेल्या राजकुळात झाला. त्याचा चुलता वाक्पती मुंज हा स्वतः कवी होता. मुंजाच्याच आश्रयाने धनंजयाने दशरूपक हा ग्रंथ रचला आणि धनिकाने त्यावर अवलोक नावाची टीका लिहिली. भरताच्या नाट्यशास्त्राचा अफाट पसारा आवरून रूपकाचे दहा प्रकार, नायक-नायिकांचे भेद, कथावस्तूची रचना आणि रस यांची सुटसुटीत मांडणी करणारा हा ग्रंथ पुढे शतकानुशतके अभ्यासिला गेला. मुंजानंतर राज्यावर आलेला सिंधुराज हा भोजाचा पिता. त्याच्यावर पद्मगुप्ताने नवसाहसांकचरित हे महाकाव्य लिहिले. नाट्यशास्त्राची चर्चा अशी भोजाला घरातच मिळाली होती.

भोजाच्या बालपणाची एक कथा फार लोकप्रिय आहे. पुतण्या पुढे आपले राज्य घेईल या भयाने मुंजाने त्याचा वध करण्याची आज्ञा दिली. मारेकऱ्याच्या हाती बालभोजाने चुलत्यासाठी एक श्लोक लिहून दिला. मोठमोठे राजे गेले, पृथ्वी कोणाबरोबरही गेली नाही, ती बहुधा तुझ्याबरोबर मात्र जाईल, असा त्या श्लोकाचा उपरोधिक आशय. तो वाचून मुंजाला पश्चात्ताप झाला आणि दयेने लपवून ठेवलेला भोज त्याला परत मिळाला. इतिहासाला ही कथा मान्य नाही. मुंजाचा अंत कल्याणीच्या चालुक्य तैलपाच्या कैदेत झाला आणि त्याच्यामागून सिंधुराज गादीवर बसला, हे अन्य साधनांवरून ठरलेले आहे. मेरुतुंगाचा प्रबंधचिंतामणी चौदाव्या शतकाच्या आरंभीचा, तर बल्लाळाचा भोजप्रबंध त्याहून बराच नंतरचा. कालिदास, बाण, माघ आणि भवभूती यांना एकाच दरबारात बसविताना बल्लाळाला काळाची अडचण वाटली नाही. तथापि लिहिलेला एक श्लोक उगारलेले शस्त्र थांबवितो, ही कल्पना लोकांना भोजाच्याच नावावर रचाविशी वाटली, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

भोजाच्या कारकीर्दीचे आद्य लेख इ. स. १०१० च्या सुमाराचे आहेत, आणि त्याचा उत्तराधिकारी जयसिंह याचा ताम्रपट १०५५-५६ चा आहे. म्हणजे सुमारे पंचेचाळीस वर्षे त्याने राज्य केले. या काळात चालुक्य, कलचुरी, चंदेल आणि गुजरातचे सोळंकी यांच्याशी त्याचे संघर्ष झाले. महाराष्ट्राशी त्याचा संबंध आला तो उत्तर कोकणावरील स्वारीमुळे. १०२० मध्ये दिलेली बांसवाडा व बेटमा येथील दानपत्रे या कोकणविजयाची साक्ष देतात. त्यांतील बेटमा हे गाव इंदूरहून धारला जाताना वाटेतच लागते. नाशिक जिल्ह्यातील कळवण येथे सापडलेल्या ताम्रपटावरून भोजाची सत्ता मानणारा यशोवर्मा नावाचा मांडलिक त्या प्रदेशात होता असे दिसते. पण विजय टिकले नाहीत. चालुक्य सोमेश्वराच्या सैन्याने पुढे खुद्द धारेपर्यंत धडक मारून नगरी लुटली.

अशा धकाधकीत त्याच्या नावावर चौऱ्याऐंशी ग्रंथ आहेत अशी परंपरा आहे. संख्येत अतिशयोक्ती असेल आणि काही ग्रंथ आश्रित पंडितांच्या साहाय्याने सिद्ध झाले असतील. परंतु योगसूत्रांवरील राजमार्तंड ही वृत्ती, राजमृगांक हा ज्योतिषग्रंथ, समरांगणसूत्रधार हा वास्तुशास्त्रावरील ग्रंथ, शृंगारमंजरीकथा, चंपूरामायण आणि सरस्वतीकंठाभरण या एकाच नावाचे व्याकरण व अलंकारशास्त्र यांवरील दोन ग्रंथ ही यादीच पुरेशी बोलकी आहे. या सर्वांत विस्ताराने मोठा ग्रंथ म्हणजे छत्तीस प्रकाशांचा शृंगारप्रकाश. शब्द आणि अर्थ यांच्या सहवासातून साहित्य कसे घडते, येथून आरंभ करून भोज रसापर्यंत जातो आणि सर्व रसांच्या मुळाशी मनुष्याच्या अंतरीचा अहंकाररूप शृंगार हाच एक रस असल्याचे प्रतिपादन करतो.

याच ग्रंथाच्या आरंभी तो नाटकाचा प्रश्न हाती घेतो. एखादी वस्तू प्रत्यक्ष डोळ्यांसमोर असली तरी ती मनाला तितकी भिडत नाही, जितकी ती शब्दप्रभू कवीच्या वाणीतून प्रकट झाल्यावर भिडते, असा त्याचा अनुभव आहे. म्हणून नटांपेक्षा कवींना आणि अभिनयापेक्षा काव्याला तो अधिक मान देतो. ज्याच्या दरबारात नट, नर्तकी, गायक यांना काही उणे नव्हते, अशा राजाने हा निर्णय दिला आहे. रंगभूमीचा संपर्क नसलेल्या कोरड्या पंडिताने नव्हे.

हे मत त्या काळी सर्वमान्य नव्हते. भरताने वाणीला नाट्याचे शरीर मानले होते खरे, परंतु आंगिक, सात्त्विक आणि आहार्य अभिनयालाही त्याने शास्त्राची प्रतिष्ठा दिली होती. भोजाचा जवळजवळ समकालीन असलेला काश्मीरचा अभिनवगुप्त नाट्यशास्त्रावरील आपल्या टीकेत नेमकी उलट बाजू मांडतो. त्याच्या मते रसाचे खरे स्थान नाट्य हेच होय. काव्य वाचतानाही रस येतो तो वाचकाच्या मनश्चक्षूंसमोर नाट्य उभे राहते तेव्हाच. एक काश्मीरात, एक माळव्यात. दोघांनी एकाच प्रश्नाची दोन टोके धरली. नाटकाची संहिता स्वयंपूर्ण साहित्यकृती आहे की प्रयोगाची केवळ पूर्वतयारी, हा आजच्या नाट्यसंशोधनातला वाद त्याच दोन टोकांमध्ये घोटाळतो आहे.

भोजाने अभिनयाला तुच्छ लेखले असा मात्र याचा अर्थ नाही. दृश्य काव्याचे त्याने चोवीस प्रकार मानले आणि त्यांची दोन गटांत विभागणी केली. नाटक, प्रकरण इत्यादी दहा रूपके, नाटिका आणि सट्टक हे बारा प्रकार वाक्यार्थाच्या अभिनयाचे. श्रीगदित, हल्लीसक, रासक यांसारखे बारा प्रकार पदार्थाच्या अभिनयाचे. पहिल्या गटात नट संपूर्ण वाक्याचा, पर्यायाने प्रसंगाचा भाव साकार करतो; दुसऱ्यात गीतातील एकेका पदाचा अर्थ हस्त, नेत्र आणि अंगविक्षेप यांतून उलगडला जातो. बैठकीच्या लावणीत कलावतीने एकाच शब्दावर थांबून त्याच्या अनेक अदा केलेल्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हा भेद समजावून सांगावा लागणार नाही. शब्दाशी अभिनयाचे नाते कोणत्या पातळीवर जुळते, यावरून नाट्यप्रकार ओळखावेत, अशी ही दृष्टी आहे. वर्गीकरणाचे सूत्र त्याने शब्दातच शोधले, परंतु ते शोधण्यासाठी त्याला नर्तकीचे हात बारकाईने पाहावे लागले असणार.

डोळ्यांना मोह घालणाऱ्या गोष्टींची त्याला किती आवड होती हे समरांगणसूत्रधारावरून कळते. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत १९२४-२५ मध्ये त. गणपतिशास्त्री यांनी संपादित केलेला हा ग्रंथ दोन भागांत प्रसिद्ध झाला. नगररचना, प्रासाद, चित्रकला यांच्या बरोबरीने त्यात यंत्रांवर एक प्रदीर्घ अध्याय आहे. नाचणाऱ्या आणि वाद्ये वाजविणाऱ्या लाकडी बाहुल्या, आपोआप हालचाल करणारे प्राणी, आकाशात उडणारा काष्ठपक्षी यांची वर्णने त्यात येतात. यंत्रांची जोडणी गुप्त राहावी म्हणून ती पूर्ण सांगितलेली नाही, अज्ञानामुळे नव्हे, असा खुलासाही ग्रंथकार करतो. शृंगारमंजरीकथेत तर धारेतील उद्यानगृहात बसलेला भोज स्वतःचे वर्णन स्वमुखाने करण्याचा संकोच टाळण्यासाठी ते काम एका यंत्रपुत्रिकेवर सोपवितो. रसिकांच्या सभेपुढे बोलणारी ही निर्जीव बाहुली ज्या शतकात कल्पिली गेली, त्यानंतर नऊशे वर्षांनी पडद्यावरची छाया बोलू लागली. बाहुलीच्या मुखी घातले ते मात्र शब्दच.

भोजाच्या नावाशी निगडित असलेल्या हनुमन्नाटकाची दंतकथाही याच संदर्भात आठवते. हे नाटक प्रथम हनुमंताने शिळांवर कोरले. ते वाचून आपले रामायण फिके पडेल या शंकेने वाल्मीकी खिन्न झाले. तेव्हा हनुमंताने उदारपणे त्या शिळा समुद्रात बुडविल्या. पुढे भोजाच्या काळी त्यांतील काही हाती लागल्या आणि राजाच्या इच्छेवरून दामोदर मिश्राने तुटलेले दुवे सांधून नाटक पूर्ण केले, अशी ही कथा आहे. चौदा अंकांच्या या कृतीत प्राकृत भाषणे नाहीत, विदूषक नाही, संवाद थोडे आणि श्लोक विपुल आहेत. त्यामुळे हे छायानाट्य असावे असे अनुमान काही विद्वानांनी केले. पडद्यावर आकृत्या सरकत असताना एक जण श्लोक म्हणत असेल, असे त्यांना वाटले. सिंधुदुर्गातील पिंगुळीचे चित्रकथी चित्रांची पोथी उलगडीत कथा गातात, ते पाहिले म्हणजे हे अनुमान अगदीच दूरचे वाटत नाही.

भोजाचा शेवट सुखाचा झाला नाही. गुजरातचा भीम आणि कलचुरी कर्ण यांनी एकत्र येऊन माळव्यावर चाल केली, त्याच सुमारास, म्हणजे १०५५ च्या आसपास, आजारी असलेल्या भोजाचा मृत्यू झाला आणि धारा शत्रूच्या हाती पडली. भोपाळजवळ वेत्रवतीच्या, म्हणजे आजच्या बेतव्याच्या काठी भोजपूर येथे त्याच्या नावाचे भव्य शिवमंदिर अपुरेच राहिले. दगड वर चढविण्यासाठी घातलेला मातीचा उतार आणि भोवतालच्या खडकांवर कोरलेले वास्तूचे आराखडे तेथे अद्याप दिसतात. मंदिर पूर्ण झाले नाही, आराखडा मात्र शिल्लक राहिला.

धारेतही नियतीने तेच केले, निराळ्या रीतीने. भोजानंतर सुमारे दीडशे वर्षांनी, तेराव्या शतकाच्या आरंभी, परमार अर्जुनवर्मा गादीवर होता. तो स्वतःही रसिक होता. अमरुशतकावर त्याने रसिकसंजीवनी ही टीका लिहिली. त्याचा गुरू मदन, ज्याला बालसरस्वती अशी पदवी होती, त्याने पारिजातमंजरी ऊर्फ विजयश्री ही चार अंकी नाटिका रचली. अर्जुनवर्म्याच्या गुजरातवरील विजयानंतर पारिजाताची मंजरी त्याच्या वक्षावर पडते, तिची तरुणी होते, आणि राजा तिच्यावर अनुरक्त होतो, असे तिचे कथानक. अर्जुनवर्म्याला तीत भोजाचाच अवतार मानले आहे. धारेतील शारदादेवीच्या सदनात वसंतोत्सवाच्या वेळी हा प्रयोग होत असल्याचे सूत्रधार प्रस्तावनेत सांगतो. ही नाटिका शिळेवर कोरविण्यात आली. ताडपत्र जळेल, भूर्जपत्र कुजेल. म्हणून नाटकाला पाषाणाचे पुस्तक मिळाले.

पुढे सातशे वर्षे ती शिळा विस्मृतीत गेली. कमाल मौला मशीद आणि भोजशाळा या दोन्ही नावांनी ओळखल्या जाणाऱ्या धारमधील वास्तूत १९०३ मध्ये संस्थानचे शिक्षणाधिकारी काशिनाथ कृष्ण लेले यांना ती आढळली. जर्मन पंडित हुल्ट्श यांनी तिचे वाचन एपिग्राफिया इंडिका या शिलालेखविषयक नियतकालिकाच्या आठव्या खंडात प्रसिद्ध केले. याच वास्तूत भोजाच्या नावावरची, पृथ्वी पेलणाऱ्या कूर्माची प्राकृत स्तोत्रेही कोरलेली सापडली. परंतु नाटिकेचे पहिले दोनच अंक या शिळेवर आहेत. उरलेले दोन ज्या शिळेवर असतील, ती मिळालेली नाही. वसंतोत्सवाच्या त्या प्रयोगातील गायन, नृत्य, नटांची नावे, प्रेक्षकांची दाद यांतले काहीही उरले नाही. जे उरले ते शब्द, आणि तेही अर्धे.

शृंगारप्रकाशाची कथा याहून वेगळी नाही. माळव्यात रचलेल्या या प्रचंड ग्रंथाच्या प्रती टिकल्या त्या दूर दक्षिणेत. मद्रासच्या हस्तलिखित ग्रंथालयातील प्रतीवरून डॉ. वे. राघवन यांनी तारुण्यातच त्याच्या अभ्यासास हात घातला. त्यांचा विवेचक ग्रंथ १९६३ मध्ये पूर्ण स्वरूपात प्रसिद्ध झाला व १९६६ मध्ये त्यास साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. भोजाची नाट्यविषयक मते आज चर्चेत आहेत ती मुख्यतः या परिश्रमांमुळे. धारेच्या राजाचा ग्रंथ धारेत राहिला नाही. जेथे कोणीतरी तो पुन्हा पुन्हा उतरवून काढला, तेथे तो वाचला.

मराठी रंगभूमीच्या इतिहासातही भोजाच्या निर्णयाला पुष्टी देणारी उदाहरणे आहेत. सांगलीस १८४३ मध्ये विष्णुदास भावे यांनी सीतास्वयंवराचा प्रयोग केला. त्या परंपरेत सूत्रधार पदे गात असे आणि पात्रे आपली भाषणे आयत्या वेळी रचीत. भाव्यांची पदे पुढे नाट्यकवितासंग्रहात छापली गेली, म्हणून ती आहेत. नटांची ती भाषणे हवेत विरून गेली. १८६१ मध्ये विनायक जनार्दन कीर्तने यांचे थोरले माधवराव पेशवे हे लिहिलेले नाटक आले आणि अशा नाटकांना लोक बुकिश म्हणू लागले. त्या शब्दात थोडा उपहास होता, पण मराठी नाटक ग्रंथालयाच्या कपाटात शिरले ते त्याच वाटेने.

चित्रपट आल्यावर भोजाचे मत कायमचे निकालात निघाले, असे वरवर पाहता वाटेल. नटाची मुद्रा, चाल, नजर हे सारेच फितीवर टिपले जाऊ लागले. परंतु १९१३ मध्ये प्रदर्शित झालेल्या दादासाहेब फाळके यांच्या राजा हरिश्चंद्र या मूकपटालाही पडद्यावर लिखित पाट्यांचा आधार घ्यावा लागला. त्या चित्रपटाच्या चार रिळांपैकी पहिले व शेवटचे अशी दोनच पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात शिल्लक राहिली, आणि तीही मूळ चित्रपटाची नसून १९१७ सालच्या नव्या आवृत्तीची असावीत, असे काही इतिहासकार मानतात. चार अंकांतले दोन आणि चार रिळांतली दोन. पाषाण असो वा फीत, जतन करणारा हात नसेल तर दोघांचे भवितव्य सारखेच.

भोजाने शब्दाला मान दिला तो शब्द अविनाशी असतो या समजुतीने नव्हे. पाहिलेल्या वस्तूला मनात रुजविण्याचे सामर्थ्य शब्दात आहे, या अनुभवाने. त्याच्यानंतरच्या नऊशेहून अधिक वर्षांनी त्यात एक पुरवणी जोडली आहे. शब्दालाही राखणदार लागतो. धारच्या शिळेला शिक्षणखात्यातला एक अधिकारी भेटला, दक्षिणेतील पोथीला अज्ञात लेखकू आणि नंतर एक तरुण अभ्यासक भेटला. अभिनवगुप्ताचे म्हणणेही येथेच येऊन मिळते; कारण पारिजातमंजरीचे ते दोन अंक कोणी सावकाश वाचू लागला, की वसंतोत्सवातला सूत्रधार त्याच्या मनात पुन्हा उभा राहतो आणि धारेच्या शारदासदनात प्रयोगास आरंभ होतो. तिसऱ्या अंकाशी मात्र त्याला थांबावे लागते.